डॉ. फ्रेडरिक बँटिंग

लहान मुलांस मधुमेह होतो हें पुष्कळ पालकांस अजूनहि खरें वाटत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं मात्र ज्या घरांत तें दुखणें शिरे, त्या घरची आशाच सुटत असे. मूल सारखें पाणी मागे, रात्रीं अनेक वेळां लघवीस उठे, खाऊनहि वाळत जाई. आणि डॉक्टरांपाशीं त्यास जवळजवळ उपाशी ठेवण्यावांचून दुसरा इलाज नसे. या मुलांस ज्यांच्या परिश्रमानें जीवदान मिळालें, त्या डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचें अल्पचरित्र आम्ही येथें देत आहों.

कॅनडांतील ॲलिस्टन गांवाजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं १४ नोव्हेंबर १८९१ रोजीं त्यांचा जन्म झाला. (हाच दिवस आपल्या देशांत बालदिन म्हणून व जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.) टोराँटो विश्वविद्यालयांत पहिल्याच वर्षीं ते नापास झाले, हें ऐकून आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस धीर येईल! पुढें ते वैद्यकाकडे वळले. १९१८ सालीं फ्रान्सच्या रणभूमीवर स्वतःच्या बाहूस जखम झाली असतांहि ते इतर जखमींची शुश्रूषा करीत राहिले. युद्धानंतर त्यांनीं कॅनडांतीलच लंडन नांवाच्या शहरीं दवाखाना उघडला. पण रोगी येईनात.

१९२० च्या ऑक्टोबर अखेरीस एका रात्रीं स्वादुपिंडाविषयींचा एक लेख वाचून त्यांची झोप उडाली. या ग्रंथीच्या पाचक रसाचा मार्ग बांधून टाकिला, तर मधुमेह आवरणारा तिचा दुसरा रस वेगळा काढतां येईल, अशी कल्पना त्यांनीं मध्यरात्रीं उठून टिपून ठेविली. टोराँटोचे प्रोफेसर मॅक्लिऑड यांनीं प्रयोगशाळा, कांहीं कुत्रे व चार्ल्स बेस्ट नांवाचा तरुण मदतनीस दिला. १९२१ च्या उन्हाळ्यांत प्रयोग चालले. पुष्कळ कुत्रे मेले. पुढें रस शुद्ध करण्यास कॉलिप हे रसायनशास्त्रज्ञ येऊन मिळाले.

११ जानेवारी १९२२ रोजीं टोराँटोच्या रुग्णालयांत लेनर्ड टॉम्सन या मुलास पहिली सुई टोंचण्यांत आली. मुलगा हाडांचा सांपळा झाला होता. त्यास काय झालें होतें तें येथें सांगणें अवश्य आहे. शरीरांत इन्शुलिन नसलें म्हणजे रक्तांत साखर सांचते, पण ती उपयोगीं पडत नाहीं. मग शरीर आपली चरबी जाळूं लागतें, आणि त्यांतून निघालेलीं किटोन नांवाचीं आम्लें रक्तांत विषासारखीं भिनतात. मुलास उलट्या होतात, पोट दुखतें, श्वास खोल व जलद चालतो, श्वासास अति पिकलेल्या फळासारखा वास येतो, आणि शेवटीं मूल बेशुद्ध पडतें. आजहि कित्येक मुलें याच अवस्थेंत इस्पितळांत पोहोंचतात, कारण घरच्यांस हें पोटाचें साधें दुखणें वाटतें. अशा वेळीं विलंब न लावतां रक्तांतील साखर तपासून घ्यावी.

लेनर्डच्या पहिल्या सुईचा फारसा उपयोग झाला नाहीं. टोंचल्या जागीं गळूं मात्र झालें. कॉलिप यांनीं रात्रंदिवस खपून रस अधिक शुद्ध केला, आणि २३ जानेवारीपासून तो देतांच साखर उतरली व लघवींतील किटोन नाहींसे झाले. लेनर्ड आणखी १३ वर्षें जगला.

१९२३ सालीं बँटिंग व मॅक्लिऑड यांस नोबेल पारितोषिक मिळालें. बेस्ट यांस वगळलेलें पाहून बँटिंग संतापले व त्यांनीं आपली अर्धी रक्कम बेस्ट यांस दिली; मॅक्लिऑड यांनींहि कॉलिप यांस तशीच दिली. मॅक्लिऑड यांच्याविषयीं बँटिंग यांच्या मनांत जी अढी बसली, ती आमच्या मतें न्यायाची नव्हती. शोध चौघांचा होता. मात्र पैशाच्या लोभाचा डाग त्यास लागला नाहीं. बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनीं प्रत्येकीं अवघा एक डॉलर घेऊन इन्शुलिनचे हक्क विश्वविद्यालयास देऊन टाकिले.

फेब्रुवारी १९४१ मध्यें युद्धकार्यासाठीं इंग्लंडास जात असतां न्यूफाउंडलंडमध्यें त्यांचें विमान कोसळलें, व त्यांतच त्यांचा अंत झाला. ते ४९ वर्षांचे होते.