सर चार्लस शेरिंग्टन

उरणच्या मिठागरांच्या अरुंद बांधांवरून डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ज्या बाया चालत, त्यांची दृष्टि पायांकडे नसे. तरी पाऊल चुकत नसे. डोळे मिटून नाकाचा शेंडा धरावयास सांगितलें, तर आमच्या शाळेंतील लहान मूलहि तो धरील. हात कोठें आहे, गुडघा किती वांकला आहे, हें न पाहतां कसें कळतें, याचा माग ज्यांनीं काढला, त्या सर चार्लस शेरिंग्टन यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८५७ रोजीं लंडन येथें झाला. उच्च शिक्षण केंब्रिज येथें झालें. स्नायूंस जाणारे ज्ञानतंतु म्हणजे केवळ मेंदूचा हुकूम पोंचविणारे जासूद, अशी त्या काळीं पुष्कळांची समजूत होती. १८९४ सालीं शेरिंग्टन यांनीं मांजर व माकड यांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, त्यांपैकीं एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत तंतु स्नायूंकडून उलट वार्ता घेऊन येतात. स्नायूंत चातीच्या आकाराचीं सूक्ष्म इंद्रियें असतात. स्नायु ताणला कीं तीं खबर देतात. स्वतःच्याच शरीराची वार्ता देणाऱ्या अशा इंद्रियांस त्यांनीं १९०६ सालीं ‘प्रोप्रिओसेप्टिव्ह’ हें नांव दिलें.

१९१३ पासून ते ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक होते. १९१५ सालीं, महायुद्ध चालू असतां, हे सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ बर्मिंगहॅमच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यांत साधे मजूर होऊन राबले, तें मजुरांचा थकवा अभ्यासण्यासाठीं! पुस्तकांतला थकवा त्यांस पुरेसा वाटला नसावा. १९३२ सालीं त्यांस एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. म्हातारपणीं संधिवातानें त्यांचे सांधे जखडले. ४ मार्च १९५२ रोजीं ते निवर्तले.

त्यांच्या पश्चात् कित्येक वर्षें विद्वानांनीं अवयवांच्या स्थितीचें ज्ञान सांध्यांकडे सोंपविलें. स्नायूंचा दावा मागें पडला. परंतु १९७२ सालीं ऑक्सफर्ड येथेंच तिघां संशोधकांनीं डोळे झांकलेल्या माणसांच्या दंडाच्या स्नायूच्या कंडरेस यंत्रानें कंप दिला, तों कोपर आहे त्याहून अधिक सरळ झाल्याचा त्यांस भास झाला. सांध्यास असें कसें फसवितां येईल? पुढें असेंहि आढळलें कीं, दमलेल्या हाताची स्थिति डोळे मिटून दुसऱ्या हातानें जुळवावयास सांगितल्यास माणूस चुकतो, आणि ती चूक त्याच्या ध्यानींहि येत नाहीं.