खेळपट्टी झाडणारा मुलगा : बाळू पालवणकर

सुगी आटोपून रान मोकळे झाले की आपल्या कुरुंद्याच्या शिवारात जागोजाग क्रिकेटचे डाव मांडले जातात. लाकडाची एक फळी, तीन काठ्या आणि रबराचा चेंडू एवढ्या साहित्यावर दिवस मावळेतो खेळ चालतो. आणि दिवेलागणीनंतर तोच खेळ कित्येक विद्यार्थी मोबाइलच्या पडद्यावर पुढे चालवितात. बालपणीचा हा नाद मोठेपणी आपोआप सुटतो, असा वडीलधाऱ्यांचा समज असतो. ज्याचा तो नाद सुटला नाही, आणि ज्याच्या पदरी त्या नादापायी मान व अपमान दोन्ही एकाच मैदानावर आले, अशा एका खेळाडूचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे, असे मनात आहे.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, ज्ञाती चर्मकार. वडील लष्करात चाकरीस असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीत गेले. तेथे गोरे अधिकारी क्रिकेट खेळत, आणि त्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम आपला खेळ मांडीत. दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूंवर जडलेले हे प्रेम पुढे किती फळास येणार, याची कल्पना त्या वेळी कोणास असणार?

घरची स्थिती बेताची, म्हणून शाळा लवकरच सुटली. बाळूंनी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात दरमहा तीन रुपयांवर नोकरी धरली. काम खेळपट्टी झाडण्याचे व तिजवर रूळ फिरविण्याचे. अधूनमधून सभासदांना चेंडू टाकण्याची संधी मिळे, तेवढाच आनंद. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार एका रुपयाने वाढला आणि कामही वाढले. खेळपट्टी आखावी, जाळी उभारावी, टेनिसचे मैदान आखावे आणि उरल्या वेळात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावा, असा दिनक्रम असे.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज होता. (हाच ग्रेग उतारवयात, १९३५ साली, रोमन कॅथलिक धर्मगुरू झाला.) तो इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी, आणि बाळूंनी त्याला बाद केले की प्रत्येक वेळी आठ आणे देई, असे सांगतात. डाव्या हाताने टाकलेला तो संथ चेंडू कधी आत वळे, कधी बाहेर जाई, कधी हवेतच फलंदाजास चकवी. तासन् तास, महिनोन् महिने टाकलेल्या या हजारो चेंडूंनी बाळूंची विद्या सिद्ध झाली. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम, फलंदाजी ही साहेबांची मिरास, असा तेथील रिवाज होता.

बाळूंची कीर्ती शहरात पसरली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबापुढे मोठाच पेच पडला. युरोपियनांना हरवावयाचे तर असा गोलंदाज हवा. परंतु त्याला संघात घ्यावे तर शिवाशिवीचे काय? अखेर तोड निघाली, ती अशी की मैदानावर बाळूंनी सर्वांबरोबर खेळावे, आणि चहाच्या वेळी सोबती आत बसले असता त्यांनी बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यात चहा घ्यावा. जेवणासाठी त्यांचे ताट व जागा वेगळी. ज्या चेंडूला त्यांचा हात लागे तोच चेंडू घटकाभराने इतरांच्या हाती जाई, आणि त्याचा विटाळ कोणास होत नसे! प्रस्तुत लेखकाला या सोयीस्कर तर्कशास्त्राचे नवल वाटते.

बाळूंच्या हातून मात्र गडी बाद होत राहिले. पुढे प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस आले, रेल्वेत नोकरीस लागले आणि तेथील हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ व १६०, युरोपियनांच्या १९१ व १०२. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. शिवरामही त्या संघात होता. एव्हाना मुंबईच्या जिमखान्यात या बंधूंना इतरांच्या पंक्तीस बसता येऊ लागले होते, आणि इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने विजयाइतकाच या गोष्टीचाही गौरव केला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, परंतु खांदा दुखत असताही बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात आठ गडी टिपले. परतल्यावर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने मुंबईत त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे अभ्यासक सांगतात.

इतके झाले तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. वर्षामागून वर्षे गेली, त्यांच्याहून कमी अनुभवाचे गृहस्थ पुढे झाले. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल या भावांनी उघड निषेध करून संघातून अंग काढून घेतले. लोकमत खवळले. पुढच्या सामन्यास बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलावणे आले, आणि कर्णधार पै यांनी काही काळ मैदान सोडून नेतृत्व त्यांच्या हाती दिले. चाळिशी ओलांडलेल्या त्या खेळाडूच्या वाट्याला मान आला तो एवढाच, तोही उसना. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकली.

बाळूंच्या उत्तरायुष्यातील राजकारण थोडक्यात सांगतो. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते वाटाघाटींत होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्यांनी एके काळी त्यांचा गौरव केला त्यांच्याशीच लढत आली. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. हा सामना मुळात लावावयास नको होता, असे मला वाटते. परंतु पराभूत उमेदवारालाही एवढी मते पडावीत, यावरून त्यांच्या नावाचे वजन दिसते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकरांचे देहावसान झाले. प्रथम श्रेणीचे त्यांचे सामने अवघे ३३, त्यांत बाद केलेले गडी १७९, आणि प्रत्येक गड्यामागे दिलेल्या धावा सुमारे पंधरा. पूना क्लबाच्या जाळीत ग्रेगला टाकलेल्या चेंडूंची मोजदाद कोणी ठेवली नाही.