कै. महादेव गोपाळ पटवर्धन

मुंबईस ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे १८९६ साली आली. परंतु त्यापूर्वीच, १८९२ साली, कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी पडद्यावर हालती चित्रे दाखविली होती. आपल्या खेळास त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’, म्हणजे मायावी दीप, असे नाव दिले. पुत्रांच्या साहाय्याने लहानशा काचांवर ते पौराणिक प्रसंग हाताने रंगवीत. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अंगस्थितींच्या काचा दिव्यापुढून लागोपाठ सरकल्या, की चित्र सजीव झाल्याचा भास होई. जोडीस निवेदन व संगीत असे. पुढे चित्रपटाने ही कला मागे सारली व तिच्या कर्त्याचाही लोकांस विसर पडला. पडद्यावरील खेळांत रमणाऱ्या आम्हां वाशिमच्या विद्यार्थ्यांनी तरी हे नाव कृतज्ञतेने स्मरावे, असे आम्हांस वाटते.