भुईमुगापलीकडचे कार्व्हर



फेब्रुवारी महिना आला की इथल्या शाळांमध्ये 'ब्लॅक हिस्टरी मंथ' साजरा होतो. दुसरी-तिसरीतली मुले चार्ट पेपरवर शेंगांची टरफले चिकटवतात आणि खाली नाव लिहितात, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. पीनट बटर शोधून काढणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख मुलांना असते (आणि गंमत म्हणजे पीनट बटरचा शोध कार्व्हर यांनी लावलेलाच नाही!). आपली, म्हणजे आई-बाबांच्या पिढीची गोष्ट वेगळी. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि मराठी घराघरांत पोहोचले. आपल्यापैकी कित्येकांना अमेरिकेतला पहिला माणूस भेटला तो या पुस्तकातच!

पण पुस्तक वाचून आता बरीच वर्षे झाली. लक्षात राहिलेला असतो तो गुलामीतून वर आलेला, शेंगदाण्यापासून तीनशे पदार्थ बनवणारा जादूगार. आम्हा इंजिनिअर मंडळींना तर 'इन्व्हेंटर' म्हटले की लगेच पेटंट्स आठवतात. या लेखात आम्ही थोडे दुसऱ्या बाजूने बघणार आहोत. कार्व्हर यांनी हयात घालवली ती पाच-दहा एकरांच्या, कर्जात बुडालेल्या, पोटापुरतेही न पिकवू शकणाऱ्या शेतकऱ्यासाठी. हा शेतकरी आपल्याला अनोळखी नाही.

मिसूरीतले बालपण

जॉर्जचा जन्म मिसूरी राज्यातल्या डायमंड या खेड्याजवळ, साधारण १८६४ चा. नक्की तारीख कोणीच लिहून ठेवली नाही, कारण गुलामाच्या मुलाची तारीख लिहायची असते असे कोणाला वाटत नसे. त्याची आई मेरी हिला मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याने १८५५ मध्ये ७०० डॉलरना विकत घेतले होते. यादवी युद्धाच्या धामधुमीत लुटारूंनी मेरीला आणि तान्ह्या जॉर्जला पळवून नेले. आई परत मिळाली नाही. अर्धमेले बाळ मिळाले, आणि त्याच्या बदल्यात मोझेसने आपला एक घोडा दिला.

गुलामी संपल्यावर मोझेस आणि सुझन या निपुत्रिक जोडप्याने जॉर्ज आणि त्याचा भाऊ जिम यांना घरच्यासारखे वाढवले. जॉर्ज प्रकृतीने किडकिडीत, त्यामुळे शेतातल्या कष्टाच्या कामातून सुटला. तो सुझनकडून स्वयंपाक, धुणे, इस्त्री, विणकाम शिकला. उरलेला वेळ रानात जायचा. आजारी झाडे बरी करतो म्हणून शेजारीपाजारी त्याला 'झाडांचा डॉक्टर' म्हणू लागले.

शिक्षणासाठी वणवण

गावच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून दहा-बारा वर्षांचा जॉर्ज काही मैलांवरच्या निओशो गावी गेला. मराया वॉटकिन्स या सुईणीने त्याला घरात ठेवून घेतले. तिथून पुढे कॅन्सस. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे, लोकांचे कपडे धुवायचे, स्वयंपाक करायचा आणि शाळेत बसायचे. फोर्ट स्कॉट या गावी १८७९ मध्ये त्याने जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारताना पाहिले आणि ते गाव लगेच सोडले.

१८८५ मध्ये कॅन्ससमधल्या एका कॉलेजने पोस्टाने अर्ज मंजूर केला. जॉर्ज तिथे पोहोचला, आणि त्याचा रंग पाहून प्रवेश नाकारण्यात आला! सगळी कागदपत्रे हातात असताना दारातून परत फिरावे लागणे म्हणजे काय, हे देश सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको. त्यानंतर त्याने नेस काउंटीत सरकारी जमीन घेऊन, मातीच्या ढेपांचे घर बांधून स्वतः शेती करून पाहिली. पाऊस कमी, जमीन कडक. कोरडवाहू शेती म्हणजे काय याचा धडा त्याने पुस्तकाआधी अंगावर गिरवला.

शेवटी १८९० मध्ये आयोवातल्या सिम्प्सन कॉलेजात प्रवेश मिळाला, तोही चित्रकलेसाठी. त्याची फुलापानांची चित्रे पाहून त्याच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याला वनस्पतिशास्त्राकडे वळवले. त्यांचे वडील एम्सच्या कृषी महाविद्यालयात (आजची आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी) प्राध्यापक होते. तिथे कार्व्हर १८९४ मध्ये पदवीधर झाले आणि १८९६ मध्ये मास्टर्स. तिथले ते पहिले काळे विद्यार्थी आणि पहिले काळे अध्यापक.

कापूस, कर्ज आणि दुकानदार

१८९६ साली अलाबामातल्या टस्कीगी संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. पगार वर्षाला १००० डॉलर. एम्सची ग्रीनहाऊस आणि स्थिर नोकरी सोडून कार्व्हर ऑक्टोबरमध्ये टस्कीगीला पोहोचले. प्रयोगशाळा म्हणून काहीही नव्हते. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उकिरड्यावरून बाटल्या, डबे, तारा गोळा केल्या आणि त्यातून उपकरणे बनवली.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. प्रयोगशाळेच्या बाहेर काय होते ते फारसे सांगितले जात नाही. गुलामी जाऊन तीस वर्षे झाली होती, पण बहुतेक काळ्या शेतकऱ्यांकडे स्वतःची जमीन नव्हती. ते वाट्याने शेती करत. अर्धे पीक मालकाचे. बियाणे, खत, औजारे आणि वर्षभराचे पीठ-मीठसुद्धा दुकानदाराकडून उधारीवर, उभ्या पिकाच्या तारणावर आणि चढ्या व्याजाने. दुकानदाराला आणि मालकाला कापूसच हवा असे, कारण तो हमखास विकला जाई. त्यामुळे कापूस अगदी घराच्या उंबऱ्यापर्यंत लावला जाई, भाजीच्या वाफ्यालाही जागा उरत नसे. हंगामाच्या शेवटी हिशेब व्हायचा, वही दुकानदाराची, आणि शेतकऱ्याच्या नावावर बाकी उरायचीच.

म्हणजे शेतकरी असून खायला विकत, तेही उधार! मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी, एवढाच आहार. यातून पेलाग्रा नावाचा कुपोषणाचा आजार दक्षिणेत पसरला. सतत कापूस घेऊन जमिनीचा कस गेला होता, आणि पावसाने वरची माती वाहून चालली होती.

चवळी, रताळी, भुईमूग

अलाबामा सरकारने १८९७ मध्ये टस्कीगीला प्रयोगशेती मंजूर केली. वर्षाला अनुदान १५०० डॉलर. कार्व्हर यांनी इथे एक अट स्वतःवर घालून घेतली: गरीब शेतकऱ्याला जे परवडणार नाही, ते आपण शिफारस करायचे नाही. विकतचे रासायनिक खत त्याला परवडत नाही? मग जंगलातला पालापाचोळा, दलदलीतला काळा गाळ, शेणखत. डुकरांना खायला विकत घेता येत नाही? मग ओकच्या झाडाखाली पडलेली फळे. ही फळे जनावरांना कशी घालावीत, यावरच त्यांची पहिली पुस्तिका १८९८ मध्ये निघाली. घराला रंग द्यायला पैसे नाहीत? मग अलाबामाच्या रंगीत मातीपासून रंग.

जमीन सुधारायला त्यांनी निवडलेले पहिले पीक होते चवळी. हो, आपली चवळीच! चवळी, भुईमूग यांसारख्या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून जमिनीला देतात. एक वर्ष कापूस, एक वर्ष चवळी असा फेरपालट केला की फुकटात खत मिळते आणि घरात प्रथिने येतात. जोडीला रताळी, कारण ती हलक्या जमिनीत येतात आणि पोट भरतात. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांनी कपाशीत तुरीच्या ओळी घातल्या, त्यामागे हेच शहाणपण आहे.

पण चवळीचे आणि शेंगांचे करायचे काय, हा प्रश्न घरातल्या बाईचा. म्हणून त्यांच्या पुस्तिकांमध्ये शेतकऱ्यासाठी लागवड, शिक्षकासाठी थोडे शास्त्र आणि गृहिणीसाठी पाककृती असे सगळे एकत्र असे. १९१६ ची प्रसिद्ध भुईमूग पुस्तिका, ज्यात खाण्याचे १०५ प्रकार आहेत, ती याच मालिकेतली. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर हे उत्तम यूजर मॅन्युअल होते, आणि चक्क ओपन सोर्स! शेकडो उपयोग शोधणाऱ्या या माणसाने आयुष्यात पेटंट घेतली फक्त तीन, सौंदर्यप्रसाधन आणि रंगांची. त्यातूनही पैसा काही झाला नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? त्यासाठी १९०६ मध्ये 'जेसप वॅगन' निघाली. मॉरिस जेसप या देणगीदाराच्या मदतीने बांधलेली ही घोडागाडी नांगर, बियाणे, दूध घुसळायचे यंत्र असे सामान घेऊन गावोगाव जाई आणि शेताच्या बांधावर प्रात्यक्षिके होत. तिचे काम पाहणारे कार्व्हर यांचे विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल हे अमेरिकेच्या कृषी खात्याचे पहिले काळे विस्तार अधिकारी झाले.

सगळे काही गोड होते असे मात्र नाही. बुकर वॉशिंग्टन शिस्तीचे आणि हिशेबाचे पक्के, तर कार्व्हर कारभारात ढिले. कोंबडीपालन विभागाच्या गोंधळावरून दोघांचे चांगलेच वाजले, आणि कार्व्हर यांनी अनेकदा राजीनाम्याची भाषा केली. पण टस्कीगी त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

कीर्ती

मेक्सिकोतून आलेली बोंडअळीची बहीण म्हणावी अशी 'बोल वीव्हिल' ही कीड १९१० च्या सुमारास अलाबामात पोहोचली आणि कापूस झोपला. नाइलाजाने शेतकरी भुईमुगाकडे वळले. कॉफी काउंटीला भुईमुगाने इतके तारले, की तिथल्या एंटरप्राइझ गावाने १९१९ मध्ये चक्क त्या किडीच्या नावाने स्मारक उभारले! ते आजही आहे.

जानेवारी १९२१ मध्ये भुईमूग उत्पादकांच्या वतीने कार्व्हर वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. आयात शेंगांवर जकात हवी होती. वेळ मिळाला दहा मिनिटे, जोडीला रंगावरून एक कुचकट शेरा. त्यांनी शांतपणे पेटीतून एकेक पदार्थ काढायला सुरुवात केली, आणि समिती वेळ वाढवून देत राहिली. त्या दिवसापासून ते देशाचे 'पीनट मॅन' झाले. पुढे हेन्री फोर्ड यांची मैत्री लाभली. महात्मा गांधींशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला, आहाराविषयी माहिती त्यांनी गांधीजींना पाठवली होती. आयुष्याची बचत, सुमारे ६० हजार डॉलर, त्यांनी संशोधनासाठी दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीतच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक झाले, काळ्या अमेरिकन माणसाचे पहिलेच.

विज्ञान कुठे अडते

आता आम्हाला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो मुद्दा. कार्व्हर यांचा सल्ला बरोबर होता, फुकट होता, तरी लाखो शेतकऱ्यांना तो पाळता आला नाही. का? कारण चवळी लावायची की कापूस, हे ठरवण्याचा अधिकारच त्यांच्याकडे नव्हता. जमीन मालकाची, वही दुकानदाराची. पुढच्या वर्षी हीच जमीन कसायला मिळेल याची खात्री नाही, मग गाळ वाहून आणून तिचा कस कोण वाढवणार? ज्या थोड्यांकडे स्वतःची जमीन होती त्यांना फायदा झाला. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते, २०२२ च्या कृषिगणनेत उरले जेमतेम ४२ हजार. ज्ञान होते, पण जमीन आणि पतपुरवठा नव्हता.

कार्व्हर यांच्या आयुष्याचा एक धागा भारतापर्यंत येतो. एम्समध्ये ते एका प्राध्यापकाच्या लहान मुलाला रानात फिरायला नेत, झाडे ओळखायला शिकवत. तो मुलगा हेन्री वॉलेस. तो पुढे देशाचा कृषिमंत्री आणि उपाध्यक्ष झाला. वॉलेस यांच्या आग्रहातून मेक्सिकोत रॉकफेलर फाउंडेशनचे शेती संशोधन १९४३ मध्ये सुरू झाले, तिथे नॉर्मन बोरलॉग यांनी बुटका गहू तयार केला, आणि १९६६ मध्ये त्याचे १८ हजार टन बियाणे भारतात आले. हरितक्रांतीने देशाला उपासमारीतून वाचवले, यात शंका नाही. पण त्या बियाण्याला पाणी, खत आणि भांडवल लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे यातले काय आहे?

भारतातल्या ८६ टक्के शेतजमिनी दोन हेक्टरांपेक्षा लहान आहेत (२०१५-१६ ची कृषिगणना). जगभरात अशा छोट्या शेतांकडे फक्त १२ टक्के शेतजमीन आहे, आणि तरी ती जगाचे सुमारे ३५ टक्के अन्न पिकवतात. आपल्याकडे कुळकायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली, ही अलाबामात न झालेली मोठी गोष्ट. पण यवतमाळच्या शेतकऱ्याला कृषी सेवा केंद्रातून बियाणे आणि औषध उधारीवर मिळते, सगळ्या रानात कपाशी असते आणि घरात डाळ विकत येते, हे चित्र १८९६ च्या अलाबामाहून फार लांबचे आहे का? आणि नवरा गेल्यावर जी बाई शेती सांभाळते, तिचे नाव सातबारावर किती ठिकाणी असते?

वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण गावाकडच्या संस्थांना मदत पाठवतात. ती जरूर पाठवावी. फक्त पाठवण्याआधी एवढे विचारावे, की सुचवलेला उपाय त्या शेतकऱ्याला पुढच्या वर्षी आपल्या पैशाशिवाय परवडेल का, आणि तो करायचा की नाही हे त्याच्या, किंवा तिच्या, हातात आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कार्व्हर यांनी आयुष्यभर शोधले. दुसऱ्या प्रश्नापाशी त्यांचेही हात बांधलेले होते.

आय-४४ वरून मिसूरीत जॉप्लिनच्या आसपास जाणार असाल तर डायमंडचे स्मारक मुलांना अवश्य दाखवा. जॉर्ज जिथे झाडे सांभाळत फिरायचा ते रान तिथे राखले आहे. आणि घरी आल्यावर चवळीची उसळ करायला विसरू नका!