अंड्याचा भाव शेतकऱ्याच्या हाती आणणारे डॉ. बी. व्ही. राव

नवापूर भागातल्या पोल्ट्रीवाल्याचं सकाळचं काम ठरलेलं. अंडी वेचायची आणि मोबाईलवर एनईसीसीचा भाव बघायचा. हा भाव सुरू झाला तो डॉ. बी. व्ही. राव यांच्यामुळे.

राव मूळचे हैदराबादचे, जन्म 1935 चा. 1971 साली त्यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. अमेरिकेतल्या बॅबकॉक कंपनीशी करार करून जास्त अंडी देणारी जात आणली. आपली गावठी कोंबडी वर्षाला 50-60 अंडी देते, ही 300 च्या घरात.

अंडी वाढली, पण भाव व्यापारी सांगेल तो. 1981-82 मध्ये तर खाद्याचा खर्चही निघेना. फार्म बंद पडायला लागले. स्वतःचा धंदा मोठा असूनही राव गप्प बसले नाहीत. गावोगावी बैठका घेऊन शेतकऱ्यांना एक केलं. 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजेच एनईसीसी, उभी राहिली. भाव उत्पादकांनीच जाहीर करायचा, असं ठरलं. हा भाव सुचवलेला असतो, सक्तीचा नाही. त्यामुळे व्यापारी आजही थोडं कापतोच, पण निदान घासाघीस करायला आकडा हातात असतो.

1990 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1996 मध्ये ते गेले.

आता मोठ्या फार्मवर पिंजऱ्यातली अंडी पट्ट्यावरून आपोआप येतात. मजूर कमी लागतात, पण मशीनचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही. तो 30 च्या ट्रेमध्ये हातानंच भरतो. शेकड्याचा जाहीर भाव मात्र दोघांना एकच.