विजय हजारे : एका चेंडूची हुरहुर आणि चेपॉकचा पहिला विजय

मद्रासच्या, म्हणजेच आजच्या चेन्नईच्या, चेपॉक मैदानावर १० फेब्रुवारी १९५२ रोजी भारताने कसोटी क्रिकेटमधील आपला पहिला विजय मिळवला. त्या संघाचे कर्णधार होते विजय हजारे. त्याआधी बरोबर तीन वर्षे, फेब्रुवारी १९४९ मध्ये, हाच विजय मुंबईत हजारे यांच्या शतकामुळे अगदी हाताशी आला होता. मात्र पंचांच्या एका चुकीने तो निसटला, असे क्रिकेटप्रेमींची एक संपूर्ण पिढी मानत आली. पराभवानंतर पंचांकडे बोट दाखवण्याची सवय फुटबॉलच्या मैदानापासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत सर्वत्र आढळते. मुंबईची तक्रार तर निराधारही नव्हती. परंतु हजारे यांची कारकीर्द पाहिली तर एका चेंडूच्या हिशेबापलीकडचे बरेच काही दिसते.

सांगली ते बडोदा

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते. घरी भावंडे अनेक आणि उत्पन्न बेताचे. त्या काळी क्रिकेटपटूला संस्थानिकांच्या आश्रयावाचून निर्वाह कठीण होता. हजारे यांनाही देवास आणि पुढे बडोदे संस्थानाचा आश्रय लाभला. ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना तरुणपणी मिळाले. बॅट आणि पॅड एकमेकांना चिकटवून उभे राहण्याची त्यांची ढब पुस्तकी नियमांत बसणारी नव्हती; परंतु ग्रिमेट यांनी ती बदलण्याचा आग्रह धरला नाही.

रणजी करंडक स्पर्धेच्या १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून खेळताना हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पुढे ते बडोद्याचेच झाले. मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठीचा हा विश्वविक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला.

मोठ्या खेळी आणि संघाचा पराभव ही सांगड मात्र त्यांच्या वाट्याला वारंवार आली. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत शेष संघाच्या ३८७ धावांपैकी तब्बल ३०९ धावा एकट्या हजारे यांच्या होत्या. तरीही हिंदू संघाने तो सामना डावाने जिंकला. जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेड येथे त्यांनी डॉन ब्रॅडमन यांचा २०१ धावांवर त्रिफळा उडवला आणि त्याच कसोटीत ११६ व १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतके झळकावणारे ते पहिले भारतीय ठरले. दुसऱ्या डावात त्यांचे सहा सहकारी शून्यावर बाद झाले आणि भारत एक डाव व १६ धावांनी हरला.

दोन शहरे, दोन तक्रारी

जॉन गोडार्ड यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजचा संघ १९४८-४९ मध्ये प्रथमच भारताच्या कसोटी दौऱ्यावर आला. भारताचे कर्णधार लाला अमरनाथ होते. पहिल्या तीन कसोट्या अनिर्णित राहिल्या आणि जानेवारी १९४९ च्या अखेरीस चौथी कसोटी मद्रासला सुरू झाली.

एव्हर्टन वीक्स त्या वेळी विलक्षण बहरात होते. सलग पाच कसोटी डावांत त्यांनी शतके काढली होती. चेपॉकवर सहाव्या शतकाला दहा धावा उरल्या असताना पंचांनी त्यांना धावचीत ठरवले. हा निर्णय शंकास्पद होता, असे पाहुण्यांचे म्हणणे होते. त्यांची ही हळहळ पुढे कित्येक वर्षे क्रिकेटच्या इतिहासात नोंदली गेली. सामन्याच्या निकालावर मात्र तिचा काडीचाही परिणाम झाला नाही. वेस्ट इंडीजने ५८२ धावा उभारल्या आणि भारताला एक डाव व १९३ धावांनी नमवले.

त्यानंतर अवघ्या आठवडाभरात तक्रारीची पाळी यजमानांवर आली. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पाचवी कसोटी खेळली गेली. मालिका बरोबरीत सोडवण्यासाठी भारताला चौथ्या डावात ३६१ धावांची गरज होती. रुसी मोदी यांनी ८६ धावा केल्या, हजारे यांनी १२२. हजारे बाद झाल्यावरही दत्तू फडकर यांनी किल्ला लढवला. यष्टिरक्षक प्रबीर सेन जखमी असल्याने प्रत्यक्षात शेवटचीच जोडी मैदानावर होती. प्रतिस्पर्धी वेळ काढत असल्याची चुळबूळ प्रेक्षकांत सुरू झाली होती.

प्रायर जोन्स यांच्या अखेरच्या षटकातील एक चेंडू शिल्लक होता. घड्याळात सुमारे दीड मिनिट उरले होते. भारताला सहा धावा हव्या होत्या. नेमक्या त्याच क्षणी पंच जोशी यांनी बेल्स उचलल्या आणि खेळ संपल्याचे जाहीर केले. धावफलकावर ८ बाद ३५५ हे आकडे गोठले. सामना अनिर्णित राहिला; मालिका गेली.

एक चेंडू की ९३ धावा?

जोशी यांची चूक उघड होती. नियमाप्रमाणे तो चेंडू टाकला जायला हवा होता. विशेष म्हणजे पंच पाहुण्यांचे नव्हते. त्या काळी यजमान मंडळच पंच नेमत असे. त्यामुळे पंचांवर घरच्या संघाला झुकते माप दिल्याचा आरोप होणे नित्याचे होते. येथे भारतीय पंचाच्या हातून भारताचेच नुकसान झाले. पक्षपाताचा संशय घ्यायला जागाच नव्हती. पराकोटीच्या तणावात एका माणसाचे मोजमाप चुकले, इतकेच घडले होते.

तरीही त्या सामन्याचा जमाखर्च एका चेंडूवर पूर्ण होत नाही. त्या चेंडूवर षटकार बसला असताच, असे कोण सांगू शकेल? वेस्ट इंडीजने पहिल्या डावात २८६ धावा केल्या होत्या. भारताचा पहिला डाव १९३ धावांत आटोपला होता. म्हणजे भारत ९३ धावांनी पिछाडीवर होता. त्या ९३ धावांचे उत्तरदायित्व अकरा जणांत वाटले गेले, म्हणून ते कोणाच्याच नावावर राहिले नाही. न टाकलेल्या चेंडूला मात्र एक चेहरा आणि एक नाव होते. प्रेक्षकाच्या स्मरणात शेवटची घटना ठसते, सुरुवातीची चूक विरून जाते. म्हणूनच ब्रेबॉर्नच्या त्या संध्याकाळची चर्चा पंचांवर थांबली. पहिल्या डावापर्यंत क्वचितच पोहोचली.

कर्णधार झाल्यावर पंचांची कोणतीही चूक नसताना विजय कसा निसटतो, याचाही अनुभव हजारे यांना आला. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडचा पहिला डाव २०३ धावांत संपला. विजय मर्चंट यांनी १५४ आणि हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या. भारताला २१५ धावांची आघाडी मिळाली. परंतु त्या धावा अतिशय संथपणे जमल्या होत्या. इंग्लंडच्या अ‍ॅलन वॉटकिन्स यांनी दुसऱ्या डावात चिवट नाबाद शतक करून सामना वाचवला. या वेळी टीकेचे धनी पंच नव्हते, तर खुद्द कर्णधार होते.

चेपॉकवरील उत्तर

त्याच मालिकेतील कानपूरची चौथी कसोटी इंग्लंडने आठ गडी राखून जिंकली. त्यामुळे ६ फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला अखेरची कसोटी सुरू झाली तेव्हा भारत ०-१ असा मागे होता. १९३२ पासून चोवीस कसोट्या खेळूनही त्याच्या खात्यावर एकही विजय नव्हता. इंग्लंडचे कर्णधार नायजेल हॉवर्ड आजारी असल्याने डोनाल्ड कार यांच्याकडे नेतृत्व होते. पहिल्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या निधनाची वार्ता आली आणि दुसऱ्या दिवशी खेळ न ठेवता विश्रांतीचा दिवस पुढे घेण्यात आला.

विनू मांकड यांनी ५५ धावांत ८ गडी बाद करून इंग्लंडचा डाव २६६ धावांत गुंडाळला. यष्टींमागे प्रबीर सेन यांनी सामन्यात पाच फलंदाजांना यष्टिचीत केले. पंकज रॉय यांच्या १११ आणि पॉली उम्रीगर यांच्या नाबाद १३० धावांच्या बळावर हजारे यांनी ९ बाद ४५७ वर डाव घोषित केला. त्यांच्या स्वतःच्या धावा या वेळी मोठ्या नव्हत्या. दुसऱ्या डावात मांकड आणि गुलाम अहमद यांनी प्रत्येकी चार गडी टिपले. इंग्लंड १८३ धावांत बाद झाले आणि भारताने एक डाव व ८ धावांनी विजय मिळवला.

ब्रेबॉर्न आणि चेपॉक यांतील फरक येथेच आहे. मुंबईत सारा भार अखेरच्या षटकावर आला होता; मद्रासला पहिल्या डावातच १९१ धावांची आघाडी जमा झाली होती. घड्याळ, शेवटचे षटक आणि पंचांचे मोजमाप यांच्यावर निकाल अवलंबून राहण्याची वेळच आली नाही. हजारे यांच्या शतकांनी जे साधले नव्हते, ते सहकाऱ्यांच्या एकत्रित कामगिरीने साधले.

नेतृत्वाची किंमत

पहिल्या विजयाचे समाधान फार काळ टिकले नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात लीड्स येथे फ्रेड ट्रूमन यांच्या पदार्पणाच्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात ४ बाद शून्य अशी दैना झाली. हजारे यांनी ५६ आणि फडकर यांनी ६४ धावा करून लाज राखली. भारताने ती मालिका ०-३ अशी गमावली. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर हजारे यांचे नेतृत्व आणि कसोटी कारकीर्द दोन्ही संपुष्टात आली. कर्णधारपदाच्या ओझ्याने त्यांच्या फलंदाजीचे नुकसान केले, असे मर्चंट यांचे मत होते.

३० कसोट्यांत ४७.६५ च्या सरासरीने २१९२ धावा आणि सात शतके ही त्यांची कसोटीतील कमाई. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी ६० शतके झळकावली. दुसऱ्या महायुद्धामुळे ऐन उमेदीची वर्षे कसोटीविना गेली आणि पदार्पण झाले ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी. १९६० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.

मैदान तेच, प्रश्न तोच

चेपॉकवर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो २२ सप्टेंबर १९८६ रोजी. ऑस्ट्रेलियाविरुद्ध अखेरच्या षटकात दोन्ही संघांची धावसंख्या समान असताना पंच व्ही. विक्रमराजू यांनी मणिंदर सिंग यांना पायचीत ठरवले आणि कसोटी बरोबरीत सुटली. कसोटी इतिहासातील ती केवळ दुसरी टाय होती. विक्रमराजू यांना त्यानंतर कसोटीत पंच म्हणून उभे राहण्याची संधी मिळाली नाही. याच मैदानावर जानेवारी १९९९ मध्ये भारत पाकिस्तानकडून १२ धावांनी हरला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून विजेत्या पाहुण्यांना मानवंदना दिली. हार पचवण्याचा तो वस्तुपाठ आजही सांगितला जातो.

पुढे त्रयस्थ पंच आले, २००८ मध्ये निर्णयाच्या फेरतपासणीचे तंत्र कसोटीत आजमावले गेले. न टाकलेला चेंडू आता कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटणे अवघड आहे. पहिल्या डावातील ९३ धावांची पिछाडी मात्र कोणतेही यंत्र भरून काढू शकत नाही.

विजय हजारे यांचे १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात वयाच्या ८९ व्या वर्षी निधन झाले. देशांतर्गत एकदिवसीय क्रिकेटची राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्या नावाने ओळखली जाते. भारताच्या कसोटी विजयांची यादी जेव्हा जेव्हा मांडली जाते, तेव्हा तिच्या पहिल्या ओळीत मद्रास हे शहर आणि कर्णधार म्हणून हजारे यांचेच नाव येते.