मुंबईच्या मुलांना शुद्ध दूध देणारे दारा खुरोडी

जबलपूर, १ जानेवारी : शहरातील बाळाला स्वच्छ दूध मिळवून देणे ही नागरी प्रशासनाची जबाबदारी आहे, हा विचार मुंबईत प्रत्यक्षात आणणारे दारा नसरवानजी खुरोडी यांचा आज स्मृतिदिन, तर उद्या जयंती आहे.

२ जानेवारी १९०६ रोजी मध्य प्रदेशातील महू येथे एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तान्ह्या मुलांच्या दुधाचा प्रश्न त्या काळी जगभर ऐरणीवर होता. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस यांनी १८९३ पासून पाश्चरीकृत दुधाची केंद्रे उघडली होती. इंग्लंडमधील सेंट हेलेन्सच्या नगरपालिकेने १८९९ मध्ये तोच मार्ग धरला. भारतात मात्र शुद्ध दुधाची शिस्तबद्ध सोय प्रामुख्याने लष्करी डेअऱ्यांपुरती होती. छावणीतील सैनिकाला मिळणारे दूध शहरातील सामान्य मुलाच्या वाट्याला येत नव्हते. मुंबईत डॉ. लेम्युएल लुकास जोशी यांनी १९१६ मध्येच या प्रश्नावर ग्रंथ लिहिला होता.

खुरोडी यांनी बंगळूरच्या संस्थेत दुग्धशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे मुंबईचे दुग्ध आयुक्त झाल्यावर त्यांनी रोगाच्या मुळालाच हात घातला. दाट वस्तीतील तबेल्यांत घाण होती, दुधात भेसळ होती. आटलेल्या म्हशी खाटकाकडे जात आणि पारडी उपाशी मरत. हे तबेले शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावात आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. म्हशी गवळ्यांच्याच मालकीच्या राहिल्या. गोठा, चारा, पशुवैद्यक आणि दूधप्रक्रिया यांची व्यवस्था सरकारने केली.

म्हशीच्या दाट दुधात स्निग्धांशविरहित दुधाची भुकटी व पाणी मिसळून स्निग्धांश ३ टक्क्यांवर आणणारे टोण्ड दूध ही त्यांचीच देणगी. त्यामुळे तेवढ्याच म्हशींचे दूध अधिक घरांत आणि कमी दरात पोहोचू लागले.

या भुकटीवरूनच वादही झाला. आयात भुकटीऐवजी खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे वाढीव दूध घ्यावे, असा वर्गीस कुरियन यांचा आग्रह होता. शहरातील ग्राहक आणि गावातील उत्पादक यांच्या हितांचा तो संघर्ष होता. तरीही १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना एकत्रितपणे मिळाला.

१ जानेवारी १९८३ रोजी खुरोडी यांचे निधन झाले. टोण्ड दुधाची पिशवी आज देशभर घरोघरी पोहोचते. तिच्यामागचे नाव मात्र फारसे कोणाला आठवत नाही.